मालकाची राजी

शहरातल्या झाडाला हात लावण्याआधी कोणाला विचारायचे, या एका प्रश्नावर माझ्या नोकरीची सगळी वर्षे गेली. एका मध्यम आकाराच्या नगरपालिकेच्या उद्यान विभागात मी होते. वृक्षतोडीचे अर्ज, स्थळपाहणी, पंचनामे, नोटिसा, हरकतींवरची टिपणे हे माझे टेबल. अर्जदार पुष्कळदा चिडून म्हणत, बाई, ही परवानगीची भानगड आत्ता कुठून आली? आमच्या आजोबांच्या काळात असले काही नव्हते. त्यांना मी दरवेळी सांगत असे की आजोबांच्या पणजोबांच्याही आधी होते, आणि लेखी होते.

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ सुमारे १७१५ सालचे. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. जहाजांना लाकूड तर हवेच. त्यासाठी राज्यातल्या अरण्यातला सागवान परवानगी घेऊन तोडावा, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावे, असे अमात्य सांगतात. आंबा आणि फणस यांचेही लाकूड कामाचे आहे, हे ते मान्य करतात, पण त्यांना हात लावू देऊ नये असे बजावतात. कारणही देतात. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडल्यावर तिच्या दुःखाला सीमा राहत नाही. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याचा संतोष राखून तोडावे. जबरदस्ती मुळीच करू नये.

आरमार म्हणजे राज्याच्या संरक्षणाचे काम. सिद्दी, इंग्रज, पोर्तुगीज समुद्रावर टपलेले. यापेक्षा निकडीचे सार्वजनिक काम कोणते असणार? तरीही त्या कामासाठी धन्याच्या राजीखुशीची अट अमात्यांनी सोडलेली नाही. रस्तारुंदीच्या फायली हाताळताना मला हा मजकूर सतत आठवायचा. वाहतुकीची कोंडी ही आरमारापेक्षा मोठी गरज खासच नव्हे.

पण अमात्यांची आज्ञा होती ती मालक असलेल्या झाडाविषयी. परसातल्या फणसाला धनी असतो, तो राजी आहे की नाही हे विचारता येते. चव्हाट्यावरच्या पिंपळाला, सडकेच्या कडेच्या वडाला कोण धनी? अशी झाडे लावण्याची परंपरा फार जुनी. वाटसरूंना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात नोंदवले आहे. अहिल्याबाईंनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, तशी वाटांवर झाडेही लावली. गावातल्या झाडाला पार बांधला, पारावर देव बसवला की त्याच्यावर कुऱ्हाड उगारायला कोणी धजत नसे. पुण्यातले शनिपार आणि नागनाथ पार आजही त्याच नावाने ओळखले जातात. देवाचे भय हा शहरातल्या झाडांचा पहिला कायदा होता, आणि तो बराच काळ चांगला चालला.

इंग्रजी अमलात सडका झाल्या तशी त्यांच्या दोन्ही अंगांनी झाडे आली. वड, चिंच, आंबा, कडुलिंब. वडाची रोपे लावत बसण्यापेक्षा जाड फांद्याच खड्ड्यात रोवत. त्या माणसापेक्षा उंच असल्याने गुरांचे तोंड पालवीपर्यंत पोचत नसे. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण करायचे, उन्हाळ्यात पाणी घालायचे. पुढे बांधकाम खात्याचे मैलकुली या झाडांवर लक्ष ठेवू लागले. खोडाला तांबडा गेरू आणि पांढरा चुना यांचे पट्टे मारले की झाड सरकारी झाले. रात्री बैलगाडीवाल्याला रस्त्याची कड कळे आणि तोडणाऱ्यालाही कळे की हे बेवारशी नाही. चिंचा-आंब्यांचा दरवर्षी लिलाव होई आणि त्याचे पैसे सरकारजमा होत. म्हणजे झाडाला धनी मिळाला, सरकार. पण सरकारला स्वतःलाच तोडायचे असले तर विचारायचे कोणाला, हे मात्र कुठे ठरले नव्हते.

त्या काळातला एक कायदा मी नोकरीत असताना अनेकदा उघडला आहे. १८८५ चा भारतीय तार अधिनियम. त्याचे १८ वे कलम झाडांचे आहे. तारेच्या वाटेत येणारे किंवा येऊ शकणारे झाड तारखात्याच्या अर्जावरून दंडाधिकारी काढायला लावू शकतो, असे त्यात म्हटले होते. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात एक बारीक तरतूद होती. तार टाकण्याच्या आधीपासून ते झाड तिथे उभे असेल, तर त्याच्याशी हितसंबंध असलेल्यांना वाजवी भरपाई द्यावी. झाड आधी की तार आधी, हे पाहायचे. मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक अर्जांत झाड आधीचे असे आणि भिंत, गटार, फलक, पार्किंग मागाहून आलेले. अर्जात मात्र लिहिलेले असे की झाड ‘अडथळा’ करते.

झाडे आधी आणि वस्ती मागाहून, हा क्रम मनात धरून वसवलेला एक भाग आपल्याकडे आहे. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाटीवाटीच्या चाळी हादरवल्या, तेव्हा १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हवा आणि उजेड खेळवायचा या हेतूने ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. तिथे मंचेरजी जोशी यांनी पारशी कॉलनी उभी केली आणि रस्त्यांवर झाडे लावताना एकेका रस्त्याला एकेका जातीची झाडे दिली. पाच उद्यानांच्या परिसरात भर दुपारी चालून पाहा. पदपथ रुंद ठेवलेले, दोन झाडांत अंतर सोडलेले, घरे मागे सरकवलेली. शंभरेक वर्षांपूर्वी ज्याने तो आराखडा काढला त्याला झाडाचा पूर्ण वाढलेला घेर ठाऊक होता. आजच्या किती नकाशांत तो धरलेला असतो? आम्ही रोप लावायचो ते विजेच्या तारांखाली, गटाराच्या कडेला, जिथे जागा उरेल तिथे. मग पंधरा वर्षांनी तेच झाड धोकादायक ठरायचे.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला आणि झाड लावण्याचा सोहळा झाला. लावलेले टिकवण्याचा कायदा यायला आणखी पंचवीस वर्षे गेली. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’. त्याने दोन गोष्टी केल्या. प्रत्येक नागरी स्वराज्य संस्थेला वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी दिला. आणि स्वतःच्या कुंपणातले झाडसुद्धा विचारल्याशिवाय तोडता येणार नाही, असे सांगितले. अमात्यांच्या काळी धनी राजी असला की पुरे होते. १९७५ नंतर धन्यालाही इतरांना विचारावे लागू लागले, कारण शहरात एकाच्या अंगणातल्या आंब्याची सावली दहा घरांवर पडते. कायद्याने ‘तोडणे’ याची व्याख्याही ऐसपैस केली. जाळणे, कापणे आणि कोणत्याही रीतीने इजा करणे हे सगळे त्यात आले. जाहिरातीची पाटी ठोकण्यासाठी मारलेला खिळासुद्धा इजाच. वटपौर्णिमेला बाजारात येणाऱ्या वडाच्या फांद्याही याच हिशोबात बसतात, हे मी दर ज्येष्ठात कार्यालयातल्या बायकांना सांगायची. झाडापाशी जा, फांदी घरी आणू नका.

स्थळपाहणी कशी होते ते सांगते, कारण लोकांना वाटते की साहेब गाडीतूनच सही करतो. आमचे मुकादम आधी खोडाच्या बुंध्याशी उकिडवे बसत. बुंध्याला अळंबीच्या पापड्या फुटल्या आहेत का, साल सुटली आहे का, माती उचलली गेली आहे का, ते बोटांनी चाचपत. मग लाकडी हातोडीने खोडावर चहूबाजूंनी ठोकत. भरीव लाकडाचा आवाज आखूड येतो, ढोलीचा घुमतो. त्यानंतर छातीच्या उंचीवर टेप लावून घेर घ्यायचा आणि मग मुळांकडे पाहायचे. केबलसाठी खणलेला चर खोडापासून हातभर अंतरावरून गेला असेल, तर त्या बाजूची मोठी मुळे कापली गेलीच म्हणून समजा. असे झाड दोन-तीन पावसाळे हिरवेगार दिसते आणि एखाद्या जूनच्या वादळात मुळांसकट आडवे होते. बातमी येते, ‘झाड कोसळले’. चर खणणाऱ्याचे नाव त्या बातमीत कधीच नसते. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट आणून भिडवणे हीसुद्धा तीच हत्या, फक्त सावकाशीची. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या बाबतीत झाडाभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आपल्याकडे तो आधार दाखवून कंत्राटदाराला आळे मोकळे करायला लावणे हे माझ्या आवडीचे काम होते.

आणि नोटीस. १९७५ च्या कायद्यातली सर्वात मोलाची वस्तू मला ती वाटते. परवानगी देण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि त्या झाडावर, सहज दिसेल अशा जागी, नोटीस लावायची. हरकत आली तर प्रकरण प्राधिकरणापुढे ठेवायचे. परवानगी मिळाली तरी पंधरा दिवस झाडाला हात लावायचा नाही. मूळ कायद्यात याची दुसरी बाजूही आहे. साठ दिवसांत अर्जदाराला निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे धरले जाते. त्यामुळे अर्ज आवक झाला की आमच्या टेबलावर दिवस मोजले जात, आणि फाईल एखाद्या कपाटात मुद्दाम झोपली तर तिच्या झोपेचे फळ काय, हे फाईल झोपवणाऱ्याला पक्के ठाऊक असे. नोटीस लावण्यातही माणसाची नियत कळते. कोणी ती भिंतीकडच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर लावतो, कोणी पावसाळ्यात नुसत्या खळीने चिकटवतो, एका सरीत कागद खाली. आमच्या मुकादमांनी नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रस्त्याच्या बाजूने, माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी सुतळीने बांधण्याची पद्धत पाडली होती. खिळा मारायचा नाही, हे त्यांचे त्यांनीच ठरवलेले.

ते पंधरा दिवस किती महत्त्वाचे, हे सगळ्या महाराष्ट्राने २०१९ साली आरे वसाहतीत पाहिले. मेट्रोच्या कारशेडसाठी २,१८५ झाडे तोडायला वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्टअखेर मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, यावर बाहेर वाद चालू होता. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडे पडलेली होती. एवढ्या हरकती, एवढी माणसे रस्त्यावर, आणि तरीही झाडे गेली, म्हणून पुष्कळजण म्हणाले की हरकतीला अर्थ नाही. मला तसे वाटत नाही. त्या हरकतींनीच शहराची झाडे हा घराघरातला विषय झाला. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून वेगळे स्थान मिळाले, तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले, आणि पूर्वी पाच हजारांवर थांबणारा दंड झाडामागे एक लाखापर्यंत गेला. साठ वर्षांच्या वडाबदल्यात साठ रोपे हा हिशोब कागदावर जुळतो, सावलीत जुळत नाही, हे खरे. तरी वय मोजायला लागणे ही मोठी गोष्ट आहे. अमात्यांनी आंब्या-फणसाची बाजू घेतली तीही वयाचाच दाखला देऊन.

मुंबईच्या २०१८ च्या वृक्षगणनेत २९,७५,२८३ झाडे मोजली गेली. दर पाच वर्षांनी अशी गणना करणे कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या गावाची शेवटची गणना कधी झाली, तिच्यात तुमच्या गल्लीतले झाड आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. गणनेत नसलेले झाड तोडले गेले, तर ते तिथे होते हे सिद्ध करणेही अवघड जाते.

परसातल्या फणसाचा धनी त्याच्यासाठी बोलायचा. रस्त्यावरच्या झाडाचे धनी तुम्ही-आम्ही सगळे, आणि नोटीस म्हणजे आपण राजी आहोत का, असे विचारणारा कागद. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुसंख्य नोटिसांना एकही हरकत येत नसे, आणि गप्प राहिलेला धनी राजी आहे असेच फाईलमध्ये लिहिले जाई. उद्या रस्त्याने जाताना खोडावर कागद दिसला तर थांबा. झाडाची जात, अर्जदार आणि कारण वाचा, मोबाईलवर झाडासकट फोटो घ्या. कारण खरे असेल, झाड खरोखर वाळलेले किंवा पोखरलेले असेल, तर पुढे चला. नसेल तर कागदावरच्या मुदतीत साध्या मराठीत चार ओळींची हरकत लिहा, वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने आवक खिडकीत द्या, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.