शुद्ध, पण कोणत्या सालचे?

हिंगोलीहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगाव नाका लागते. तेथून पुढे मराठवाडा मागे पडतो आणि विदर्भ सुरू होतो. स्वातंत्र्यापूर्वी ही सीमा दोन राजवटींची होती: अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान आणि पलीकडे 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला वऱ्हाड. वऱ्हाडातील मुले सरकारी शाळेत मराठी क्रमिक पुस्तके वाचत होती. हैदराबाद संस्थानात मात्र 1884 पर्यंत फारसी आणि त्यानंतर उर्दू ही कारभाराची भाषा होती, आणि 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. बोलणे जवळपास सारखे, पण लेखणीला लागलेली वळणे निराळी. मराठी लेखनशुद्धीचा विचार पुण्या-मुंबईच्या खिडकीतून करण्याची आपल्याला सवय आहे. या नाक्यावर उभे राहून केला तर काही गोष्टी वेगळ्या दिसतात.

या गावाचेच नाव घ्या. 1962 पूर्वीच्या लेखनपद्धतीत त्यातील दुसरे पद 'गांव' असे लिहिले जाई. तो अनुस्वार उच्चारात नव्हता. 'ग्राम' मधील 'म'ची ती खूण होती, जशी 'नांव' मध्ये 'नाम'ची. आज अक्षराला अक्षर जुळवून शोध घेणाऱ्या यंत्रापुढे 'कनेरगाव' टंकले, तर 'कनेरगांव' असे छापलेला जुना कागद त्याच्या हाती लागत नाही. एका टिंबाने गाव हरवते.

हे टिंब गेले कसे, तो इतिहास फार जुना नाही. महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, विदर्भ साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद या चार संस्थांनी मिळून 1961 साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन केले. महामंडळाच्या चौदा नियमांना 1962 साली शासनाची मान्यता मिळाली, 1972 साली त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. म्हणजे नाक्याच्या दोन्ही बाजू त्या मंडळात होत्या. तरीही मराठवाड्यातील ज्या पिढीला मुक्तिसंग्रामानंतर कोठे मराठीतून मोकळेपणी शिकता आले, तिने 'नांव', 'पांच', 'कवि', 'गुरु' हे जेमतेम गिरवले असेल, तोच ते अशुद्ध ठरले, ही गोष्ट आपल्या शुद्धलेखनचर्चेत सहसा येत नाही.

त्याही मागे गेलो तर मोडी आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नसे, आणि त्यावाचून पेशवाईचा सारा पत्रव्यवहार अडला नाही. वेलांट्यांचा काटेकोरपणा ही प्रामुख्याने देवनागरी छपाईची, शालेय व्याकरणाची आणि कोशांची देणगी. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 चे, मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची. या काटेकोरपणाला लवकरच सामाजिक धारही आली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून जोतीराव फुल्यांच्या लेखनातील व्याकरणदोषांची खिल्ली उडवली, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. ऱ्हस्वदीर्घाची चूक दाखवणे आणि लिहिणाऱ्याचा अधिकार नाकारणे यांतले अंतर तेव्हाही फार नव्हते, आज तर ते एका लाल रेघेएवढे उरले आहे.

ही लाल रेघ काढणारे यंत्र काय करते, ते पाहू. त्याच्याजवळ शब्दांची यादी असते आणि प्रत्यय जोडण्याचे काही नियम असतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येत असल्याने एका नामाची शेकडो रूपे होतात. त्यामुळे नुसत्या यादीने काम भागत नाही. 2000 नंतरच्या दशकात महाजालावर मराठी शुद्धिचिकित्सक घडवणाऱ्यांनी याच अडचणीशी झुंज दिली. यादीत नसलेला शब्द यंत्र पकडते. पण 'दिन'च्या जागी 'दीन', 'सुत'च्या जागी 'सूत' किंवा 'सलिल'च्या जागी 'सलील' पडले, तर ते गप्प राहते. 'आचाऱ्यांना' दक्षिणा दिली की 'आचार्यांना', हे त्याला कळण्याचे कारण नाही.

टंकनानेही काही नव्या चुका जन्माला घातल्या. रोमन अक्षरांतून देवनागरी उमटवणाऱ्या 'बराहा'सारख्या सोयीत शेवटचा इकार दीर्घ करायचा तर वेगळी कळ लक्षात ठेवावी लागते. ती विसरली की 'कवी'चा 'कवि' होतो. 1962 चा नियम कळफलकाने नकळत रद्द करून टाकला, असे गमतीने म्हणता येईल. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान 2008 साली मिळाले. त्याआधी 'अ'वर चंद्र चढवून ते लिहिले जाई. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला निराळी.

खरी अडचण मात्र जुना मजकूर टंकताना येते. पूर्वीच्या लेखनात एकवचनी 'घरात' हे 'घरांत' असे लिहीत. आजच्या नियमाने 'घरांत' हे अनेकवचन. यंत्राच्या यादीत ते रूप आहे, म्हणून लाल रेघ उमटत नाही, आणि आजचा विद्यार्थी एका घराची अनेक घरे करून वाचतो. सरसकट अनुस्वार काढावेत, तर खरी अनेकवचने नष्ट होतात. 'तें' (ती वस्तू) आणि 'ते' (ती माणसे) हा भेदही त्या टिंबाबरोबर जातो. फुल्यांच्या 1883 मधील ग्रंथाचे नाव 'शेतकऱ्याचा असूड' आणि 'शेतकऱ्याचा आसूड' अशा दोन्ही रूपांत आढळते. यंत्राच्या यादीत दुसरेच रूप असेल, तर ते पहिल्याखाली रेघ ओढील. ती पाहून 'असूड' सुधारणारा टंकक मुळाबरहुकूम लिहितो आहे की चिपळूणकरांचे काम पुढे नेतो आहे, असा प्रश्न पडतो.

मराठवाड्याला हा पेच नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि तीत पदरच्या ओव्या घालणाऱ्यांना सक्त ताकीद देऊन ठेवली. पुढे 1909 साली राजवाड्यांनी आपल्याला सापडलेली प्रत एकनाथी पाठाहून जुनी म्हणून पुढे आणली, आणि नाथांच्या प्रतीतली मराठी कितपत तेराव्या शतकाची, हा वाद उभा राहिला. शुद्ध करणाऱ्याच्या काळाचा रंग शुद्ध प्रतीला लागतो, ही शंका तेथेही होतीच.

मराठी विकिस्रोतावर सध्या रुळलेली रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. छापील पानाचे चित्र एका बाजूस, टंकलेला मजकूर दुसऱ्या बाजूस. एकाने तपासले की पान पिवळे दिसते, दुसऱ्याने पुन्हा पडताळले की हिरवे. तपासायचे ते चित्राशी, कोशाशी नव्हे. पानावर 'नांव' असेल तर मजकुरातही 'नांव'च राहते. हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याने वाळंबे आणि फडके अभ्यासलेले असावेत, म्हणजे कोणते टिंब जुन्या नियमाचे आणि कोणते खिळे जुळवणाऱ्याच्या हातून पडलेले, ते त्याला ओळखता येईल. एवढा वेळ शुद्धिचिकित्सक बंद ठेवलेला बरा.