थरांमधील अंतर व अतिसंवाहकता

अनेक अतिसंवाहकांचे स्फटिक पापुद्र्यांसारख्या थरांनी बनलेले असतात. थरातले अणू घट्ट बांधलेले, तर दोन थरांमधला बंध बहुधा सैल असतो. त्यामुळे फटीत परके अणू किंवा रेणू शिरवून थर दूर सारता येतात, दाब देऊन जवळही आणता येतात. ज्या तापमानाखाली विद्युत् रोध नाहीसा होतो, ते क्रांतिक तापमान त्याबरोबर बदलते.

१९७० मध्ये गॅम्बल, गेबाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी टँटॅलम डायसल्फाइडाच्या थरांत पिरिडीनचे रेणू शिरवले. अंतर सुमारे ६ अँगस्ट्रॉमवरून १२ वर गेले, म्हणजे दुप्पट झाले. तरीही क्रांतिक तापमान ०.८ केल्विनवरून ३.५ केल्विनवर चढले. लांब साखळीच्या ऑक्टाडेसिलअमाइनाने थर ५० अँगस्ट्रॉमहून अधिक दुरावले, तरी अतिसंवाहकता टिकली. ती थराच्या आतच उपजते, याचा हा भक्कम पुरावा होता. पुढे २०१९ मध्ये बिस्मथयुक्त क्युप्रेटाच्या (कॉपर ऑक्साइडाचे थर असलेल्या संयुगाच्या) एकाच सुट्या थरात जवळपास अखंड स्फटिकाइतकेच क्रांतिक तापमान आढळले.

मग तापमान चढते कशाने? आत शिरलेले रेणू जागा व्यापतात, तसेच थरांना इलेक्ट्रॉनही देतात. लोह सेलेनाइडात हे दोन्ही परिणाम गुंतलेले दिसतात. मूळ ५.५ अँगस्ट्रॉम अंतराला ८ केल्विन असलेले क्रांतिक तापमान लिथियम व अमोनिया शिरवल्यावर सुमारे ४३ केल्विन होते. पण त्याच लोह सेलेनाइडावर सुमारे ९ गिगापास्कल दाब दिला, तर थर जवळ येऊनही ते ३७ केल्विनच्या आसपास पोचते. ग्रॅफाइटात तर जवळिकीचाच फायदा होतो: थरांत कॅल्शियम असताना ११.५ केल्विन, आणि अंतर अधिक ठेवणारे स्ट्राँशियम असताना केवळ १.६५. म्हणून अंतर हेच एकमेव कारण मानणे चूक आहे. फटीत काय आहे आणि ते थराला किती इलेक्ट्रॉन देते, हेही तितकेच निर्णायक ठरते.

थरांमधील दुवा किती बळकट राहील, हे मात्र अंतरावर थेट अवलंबून असते. लॉरेन्स व डोनियाक यांच्या प्रतिमानात लगतचे थर जोसेफसन संधींनी, म्हणजे मधल्या पातळ फटीतून अतिसंवाही प्रवाह जाऊ देणाऱ्या जोडांनी, जोडलेले मानले जातात. फट रुंदावली की ही जोड क्षीण होते आणि चुंबकीय क्षेत्राचे भोवरे थराथरांत तुटून सहज सरकू लागतात. ते सरकले की रोध पुन्हा उद्भवतो. बिस्मथयुक्त क्युप्रेटात कॉपर ऑक्साइड थरांच्या गटांमधील फट सुमारे १२ अँगस्ट्रॉम, तर यिट्रियमयुक्त क्युप्रेटात ८ च्या आसपास असते. बिस्मथ कुलातील एका संयुगाचे क्रांतिक तापमान ११० केल्विन आणि यिट्रियम संयुगाचे ९३ केल्विन असूनही, ७७ केल्विनच्या द्रव नायट्रोजनात व तीव्र चुंबकीय क्षेत्रात यिट्रियमच्या पट्ट्याच अधिक प्रवाह वाहून नेतात.