वरचं दुखणं, खालची तपासणी

हलक्या विमानांच्या देखभालीत माझी उमेदीची वर्षं गेली. त्या काळात एक वाक्य मी किती वेळा लिहिलं याची गणती नाही : 'ग्राउंड रन घेतला, दोष आढळला नाही.' एका सहा सिलिंडरच्या टर्बोचार्ज्ड सेस्नाच्या लॉगबुकात हे वाक्य मी लागोपाठ दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा ते खरं होतं आणि दोन्ही वेळा त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

कॅप्टनने लिहिलेला स्नॅग असा होता : सोळा हजार फुटांच्या वर गेलं की इंजिन रफ चालतं, झटके देतं, खाली आलं की बरं होतं. आम्ही जमिनीवर पूर्ण ताकदीने इंजिन चालवलं. दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून पाहिले. बाराच्या बारा स्पार्क प्लग काढले, साफ केले, त्यांची फट मोजली. सगळं ठीक. हँगरमध्ये कुणीतरी हळूच म्हणालंदेखील, 'वर ऑक्सिजन कमी पडून कॅप्टनच रफ चालत असतील.' मीही हसलो होतो. इंजिन एकच आणि खाली सह्याद्रीचे कडे असताना ते झटके ऐकणारा माणूस मात्र हसत नसतो.

त्या दिवसांत मला टर्बोचार्जरचा इतिहास ठाऊक असता, तर दुसरी सही करताना हात अडखळला असता. कारण त्या इतिहासाची सुरुवातच या अडचणीपासून होते : दोष वर राहतो आणि तपासणारा खाली.

उंचीवर हवा विरळ होते. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो, त्यामुळे साधं इंजिनही तिथे साधारण निम्म्याच ताकदीचं उरतं. बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूंवर एक टर्बाइन फिरवायची, तिच्या जोरावर कॉम्प्रेसर चालवून इंजिनात हवा कोंबायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. त्याचं पेटंट १९०५चं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या ऑग्युस्त रातोने ती विमानाच्या इंजिनाला लावायचे प्रयत्न केले. अमेरिकेत हे काम जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसकडे आलं.

मॉसपुढचा प्रश्न साधा होता. यंत्र उपयोगाचं आहे हे सिद्ध कुठे करायचं? जमिनीवर दाट हवेत त्याची गरजच दिसत नाही, आणि नवं यंत्र थेट विमानात बसवून उडवणं म्हणजे वैमानिकाच्या जिवाशी खेळ. त्याने इंजिनालाच डोंगरावर नेलं. १९१८च्या सप्टेंबरात बारा सिलिंडरचं लिबर्टी इंजिन ट्रकवर बसवून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, १४,१०९ फुटांवर चढवण्यात आलं. खाली डेटनला साडेतीनशे अश्वशक्ती देणारं हे इंजिन शिखरावर टर्बोशिवाय २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ३५६. मला त्या आकड्यांपेक्षा तो ट्रक जास्त आवडतो. दुखणं जिथे होतं तिथे वैद्य गेला!

दीड वर्षानं, फेब्रुवारी १९२० मध्ये, मेजर रुडॉल्फ श्रोडरने टर्बो लावलेलं लेपेर विमान ३३ हजार फुटांच्या वर नेलं. तिथे त्याचा ऑक्सिजन संपला, तो बेशुद्ध पडला, विमान हजारो फूट कोसळलं आणि कसंबसं सावरलं. इंजिनाला श्वास मिळाला होता, माणसाला नव्हता. विरळ हवेत आणखी काय काय गुदमरतं, याची यादी तिथून वाढत गेली.

त्या यादीत मॅग्नेटो होता. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीवाचून ठिणगीचा विद्युतदाब तयार करणारं छोटं जनित्र. त्याच्या पोटात एक डिस्ट्रिब्युटर फिरतो आणि हजारो व्होल्टचा धक्का पाळीपाळीने एकेका सिलिंडरकडे पाठवतो. शेजारशेजारच्या दोन टोकांमध्ये असते ती फक्त हवा, आणि तिनेच विजेला अडवून धरायचं असतं. आता फ्रीडरिश पाशेन या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने १८८९मध्ये दाखवून दिलं होतं की, ठिणगी उडायला लागणारा विद्युतदाब हवेच्या दाबावर आणि दोन टोकांतल्या अंतरावर ठरतो. मॅग्नेटोतल्या अंतरांच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे : हवा जितकी विरळ तितकी वीज सहज उडी मारणार.

टर्बोचार्जरने इथे एक गंमतच करून ठेवली. सिलिंडरमध्ये त्याने हवा दाबून भरली, म्हणून प्लगच्या फटीत ठिणगी पडायला जास्त विद्युतदाब लागू लागला. मॅग्नेटो मात्र बाहेरच्या विरळ हवेत राहिला. प्लगकडची वाट अवघड झाली आणि मॅग्नेटोच्या पोटातली आडवाट सोपी. वीज आडवाटेनेच जाणार. एका सिलिंडरची ठिणगी भलत्याच सिलिंडरला, भलत्याच वेळी मिळते आणि इंजिन झटके देऊ लागतं. दुसऱ्या महायुद्धात पी-४७ थंडरबोल्ट या टर्बोवाल्या लढाऊ विमानाच्या सुरुवातीच्या इंजिनांना उंचीवर हाच विकार जडला होता. त्यावर काढलेला तोडगा म्हणजे इग्निशनची यंत्रणाच दाबाखाली ठेवायची.

साठच्या दशकात सेस्नासारख्यांनी टर्बो खाजगी विमानांत आणला, तेव्हा हा धडा पुन्हा गिरवावा लागला. १९७९च्या मूनी २३१ला दाबाविना मॅग्नेटो होते आणि उंचीवर मिसफायर होण्याची तक्रार तिच्या मालकांच्या तोंडी कायमची झाली. उपाय दोनच : मॅग्नेटो मोठा करून टोकांतलं अंतर वाढवायचं, किंवा टर्बोने दाबलेल्या हवेतली थोडी हवा नळीने मॅग्नेटोत सोडायची. शिवाय प्लगची फट थोडी कमी ठेवायची, म्हणजे विद्युतदाब कमी लागतो. नळीच्या उपायाला पुन्हा पोटदुखी आहेच. त्या हवेबरोबर ओल आत जाते, आतले भाग गंजतात. म्हणून मध्ये एक छोटा फिल्टर लावतात.

टर्बोने जुनी गणितंही उलटी केली. साध्या इंजिनाच्या इनटेकला चीर पडली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि कमी वेगावर इंजिन डगमगतं. टर्बोच्या इंजिनात पूर्ण ताकदीवर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणून हवा बाहेर पळते आणि मिश्रण उलट दाट होतं. म्हणजे तीच चीर दोन इंजिनांत दोन वेगळी लक्षणं दाखवते. साध्या इंजिनांवर हात बसलेल्या माझ्यासारख्याला हे अंगवळणी पडायला वेळ लागला.

तिसऱ्यांदा तोच स्नॅग आला तेव्हा मी लॉगबुक बाजूला ठेवलं आणि कॅप्टनना चहाला बसवलं. विचारलं, 'झटके येतात तेव्हा तुम्ही काय काय करून पाहता?' ते म्हणाले, 'मिश्रण दाट केलं, काही फरक नाही. पण तेवढ्याच उंचीवर मॅनिफोल्ड प्रेशर तीन-चार इंच कमी केलं की इंजिन गप्प बसतं.' हे त्यांनी दोन महिन्यांपूर्वीही सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं. प्रेशर कमी म्हणजे सिलिंडरमधली हवा कमी दाट, म्हणजे ठिणगीला लागणारा विद्युतदाब कमी. रोग इंधनाचा नव्हता, ठिणगीचा होता.

मॅग्नेटोला हवा नेणारी नळी मी काढली आणि वाकवून पाहिली. क्लँपच्या खाली, सहज दिसणार नाही अशी, अर्ध्या वेढ्याची चीर होती. जमिनीवर त्या चिरेचा काहीच त्रास नव्हता, कारण बाहेरची दाट हवाच नळीचं काम करत होती. आम्ही इंजिन दिवसभर चालवलं असतं तरी ते झटके देणार नव्हतं. मॅग्नेटो उघडला तर डिस्ट्रिब्युटरवर विजेच्या आडवाटांच्या बारीक काळ्या रेघा उमटलेल्या.

नळी बदलली, डिस्ट्रिब्युटर बदलला, फिल्टर नवा घातला. ग्राउंड रन घेतला, तो अर्थातच आधीसारखा उत्तम झाला. या वेळी मात्र त्याच्यावर सही केली नाही. ऑक्सिजनचा मास्क लावून कॅप्टनच्या शेजारी बसलो आणि आम्ही सतरा हजार फुटांवर गेलो. पाऊण तास फिरलो. मी डावा मॅग्नेटो बंद करायला सांगितला, मग उजवा. खाली उतरल्यावर कॅप्टननी स्नॅगच्या रकान्यात 'निल' लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं.