जरतारी सर्किटाची कुळकथा

कपड्यातच सर्किट शिवायची कल्पना अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत रुजली, असं सांगतात. ते खरंच आहे. पण त्या प्रयोगशाळेच्या टेबलावर सुरुवातीला कुठलं कापड पसरलेलं होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. ते होतं जरीचं ऑर्गंझा, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या विणलं जाणारं.

१९९७ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमधले रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी त्यावर निबंध लिहिला. ऑर्थबाई मूळच्या चित्रकलेच्या विद्यार्थिनी. या कापडात ताण्याला साधं रेशीम आणि बाण्याला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेलं रेशीम असतं. म्हणजे एका दिशेने वीज वाहते, दुसऱ्या दिशेने नाही. जरीचे धागे एकमेकांपासून सुटे असल्याने प्रत्येक धागा ही वेगळी वायरच झाली. असे दोन तुकडे काटकोनात ठेवून मध्ये नायलॉनची जाळी घातली की बोटाने दाबलेल्या जागी वरचा धागा खालच्याला टेकतो. कापडाचा कीबोर्ड तयार! ऑर्थ यांच्या ‘फायरफ्लाय’ पोशाखातही हीच युक्ती होती: ऑर्गंझाचे दोन थर, मध्ये जाळी आणि अंग हललं की लुकलुकणारे छोटे दिवे.

आता या धाग्याचं कूळ. चांदीची तार बारीक बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढायची, मग ती चापट करायची आणि रेशमाच्या धाग्यावर वेढायची, की झाला कलाबतू. पैठणच्या आणि येवल्याच्या पैठणीचा पदर यावरच उभा राहिला. नुसती तार मागावर टिकत नाही, घडीवर मोडते. वेढलेली पट्टी मात्र धाग्याबरोबर वळते आणि ताण रेशीम सोसतं. कारागिराला यातून झळाळी हवी होती, पण वाकणाऱ्या वायरीलाही नेमकं हेच लागतं. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरची लवचीक दोरीही अशीच असे, सुताच्या धाग्यावर तांब्याची पट्टी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हे तंत्र शोधलं नाही, त्यांना ते आयतं सापडलं. श्रेय मात्र एकट्या प्रयोगशाळेच्या नावावर चढलं, ते मला पटत नाही.

विजेचे कपडे त्याआधीही होते. जपानच्या आत्सुको तानाका या चित्रकर्तीने १९५६ साली रंगीत बल्बांचा पोशाख अंगावर चढवला होता, पण तो वायरींचा भाराच होता. शिवणकामाची सुई सर्किटापर्यंत खऱ्या अर्थाने पोचली ती २००७ साली, लिया ब्युक्ली यांच्या ‘लिलीपॅड’मुळे. हा गोल, फुलासारखा बोर्ड. कडेच्या भोकांतून चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा तीन-चार वेळा घट्ट ओवला की जोडणी पक्की, डाग द्यायला नको. मग कलावंतांनी विणलेल्या पट्टीलाच सेन्सर केलं: कोपर वाकलं, पट्टी ताणली गेली की तिचा विद्युत रोध बदलतो आणि बोर्डाला ते कळतं.

या कथेचा एक धागा पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी खुर्दच्या अगदी जवळ येतो. पोस्ट आणि ऑर्थ यांनी याच विषयावर २००० साली आणखी एक निबंध लिहिला, त्यावर एमआयटीच्याच नील गर्शनफेल्ड यांचंही नाव आहे. याच गर्शनफेल्ड यांच्या फॅब लॅबच्या, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवता येईल अशा कार्यशाळेच्या, कल्पनेतून २००२ मध्ये पाबळच्या विज्ञान आश्रमात लॅब उभी राहिली. श्रीनाथ कालबागांनी १९८३ साली सुरू केलेला हा आश्रम शेजारच्या शिरूर तालुक्यातला. आणि अवसरीत २००९पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एवढं सगळं हाताशी असताना प्रोजेक्टसाठी परदेशी धाग्याचं रीळ मागवण्याआधी मंचरच्या बाजारातली जर तरी तपासून बघावी.

मात्र तपासूनच घ्या. आज स्वस्त साड्यांत दिसते ती बहुतेक प्लास्टिकची जर. तिच्यातला धातूचा थर पॉलिस्टरच्या फिल्ममध्ये बंद असतो, त्यामुळे वरून चकाकली तरी वीज जात नाही. चांदीची खरी जर किंवा तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली जर वीज वाहून नेते. मल्टीमीटरची दोन टोकं एकाच धाग्यावर वीतभर अंतरावर टेकवली की काटा सांगून टाकतो. दोन धागे उघडे एकमेकांवरून नेऊ नका, शॉर्ट होईल. मध्ये अस्तराचा तुकडा टाका. चांदी हवेने काळी पडते, तिकडेही लक्ष ठेवा.

आणि आजीच्या पैठणीला हात लावू नका. जुनी जर वजनावर घेऊन तिच्यातली चांदी गाळणारे लोक त्या कामाला पुरेसे आहेत. दुकानातून जरीची एक लडी आणा, एक एलईडी, एक बटणसेल घ्या आणि पहिलं सर्किट जुन्या रुमालावर शिवा.