'बाहेरून' पदवी : युरोपातल्या बहिष्कृतांनी विद्यापीठाचे दार कसे उघडले

"काय करतोस सध्या?" असे विचारले की आपल्या वस्तीतला एखादा पोरगा खाली बघत सांगतो, "काही नाही, बाहेरून बी.ए. करतोय." दिवसभर तो पार्सल पोचवतो किंवा कंपनीत कंत्राटावर राबतो आणि रात्री पुस्तक उघडतो. तरी 'बाहेरून' हा शब्द तो असा उच्चारतो की जणू काही गुन्हाच केला आहे. समोरचाही "अच्छा, मुक्तमधून का!" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

मित्रांनो, 'बाहेर' हा शब्द आपल्याला नवा नाही. आपली वस्ती गावाबाहेर होती. लहानग्या भीमरावाला शाळेत घेतले, पण इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसवले. म्हणूनच बाहेरून शिकणे म्हणजे हलके शिकणे, असे कोणी म्हटले की ते लागते. आणि वाईट हे की आपण ते मान्यही करून टाकतो. या समजुतीचा एकदा हिशोब करायला हवा. त्यासाठी युरोपात जावे लागेल. बाहेरून पदवी देण्याची व्यवस्था तिथे उभी राहिली, आणि ती कोणाच्या दयेतून नाही, तर बहिष्काराविरुद्धच्या भांडणातून उभी राहिली.

धर्म विचारणारी विद्यापीठे

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये दोनच विद्यापीठे होती, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. ऑक्सफर्डमध्ये नाव घालतानाच चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ धर्मकलमांवर सही करावी लागे. केंब्रिजमध्ये शिकता येई, पण पदवीच्या वेळी तीच अट आडवी येई. कॅथलिक, ज्यू, चर्चबाहेरचे प्रोटेस्टंट आणि नास्तिक हे सगळे बाहेर. स्त्रिया तर मोजणीतच नव्हत्या. ज्ञानाची मक्तेदारी ही फक्त आपल्याकडची गोष्ट आहे असे समजू नका. फरक इतकाच की तिथे ती पंथाच्या आणि वर्गाच्या नावाने चाले, इथे जन्माच्या नावाने.

या बाहेरच्यांनी १८२६ साली लंडनमध्ये स्वतःची शिक्षणसंस्था काढली. धर्माची अट नसलेली ही संस्था प्रस्थापितांना इतकी झोंबली की तिला पदवी देण्याचा अधिकार मिळू नये म्हणून जोरदार विरोध झाला. शेवटी १८३६ साली तडजोड निघाली. 'लंडन विद्यापीठ' नावाची एक वेगळी संस्था स्थापन झाली. ती शिकवणार नाही, फक्त परीक्षा घेणार आणि पदवी देणार. मान्यताप्राप्त महाविद्यालयांतले विद्यार्थी तिच्या परीक्षेला बसणार.

खरी उडी पुढे आहे. १८५८ च्या नव्या सनदेने महाविद्यालयाची अट काढून टाकली. तुम्ही कुठे शिकलात, कोणाकडे शिकलात, दिव्याखाली एकट्याने शिकलात का, हे विद्यापीठ विचारणार नाही. पेपर सोडवा, पास व्हा, पदवी घ्या. शिकवणे आणि तपासणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्याबरोबर दारवानाचे महत्त्व संपले. १८७८ साली याच विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या. ब्रिटनमध्ये हे पहिल्यांदा घडले. ऑक्सफर्ड-केंब्रिजमधली धर्माची अट संसदेला कायदा करून उठवावी लागली, ती १८७१ साली. म्हणजे बाहेरून पदवी देणारे विद्यापीठ आतल्या विद्यापीठांच्या पुढे होते, मागे नव्हते.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली याच लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभे राहिले. पण नमुना घेतला तो जुना, १८५८ च्या आधीचा. पदवीच्या परीक्षेला बसायचे तर संलग्न महाविद्यालयाचा दाखला हवा. आणि महाविद्यालयात पोचत कोण होते? ब्रिटिशांनी परीक्षा आणली, पण तिच्यातली सर्वांत क्रांतिकारक गोष्ट इथे आणली नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला जे सुनावले ते याच व्यवस्थेबद्दल : कर भरतो शेतकरी-कष्टकरी आणि उच्चशिक्षणाचा लाभ घेतात वरचे.

परीक्षा खुली झाली, पण शिकवणार कोण?

लंडनच्या कथेला दुसरी बाजूही आहे. ती लपवली तर आपण स्वतःलाच फसवू. परीक्षा खुली झाली, पण शिकवण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही. ती पोकळी टपालाने आणि बाजाराने भरली.

१८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले. आयझॅक पिटमनने त्याच टपालातून लघुलिपीचे धडे पाठवले. विद्यार्थी उतारे लिहून परत पाठवत आणि ते तपासून मिळत. १८५६ च्या सुमारास बर्लिनमध्ये तुसाँ आणि लांगेनशाइट यांनी पत्रांतून परकीय भाषा शिकवायला सुरुवात केली. शतक संपता संपता लंडनच्या परीक्षांची तयारी करून देणारी खासगी पत्रद्वारा महाविद्यालये उभी राहिली. त्यांपैकी एकात एच. जी. वेल्स शिकवत असे. आई मोठ्यांच्या घरी नोकरीला, स्वतः कापडदुकानात उमेदवारी केलेला हा मुलगा. त्याने १८९० साली लंडनची बी.एस्सी. मिळवली ती बाहेरूनच. पण त्याच्यासारखे किती? फी भरू शकेल त्याला धडे मिळाले. बाकीच्यांना परीक्षेचे दार उघडे होते, पण त्या दारापर्यंतचा रस्ता नव्हता.

याला उत्तर शोधले ते चळवळींनी. १८६७ मध्ये केंब्रिजचा जेम्स स्टुअर्ट उत्तर इंग्लंडच्या शहरांत व्याख्याने देऊ लागला. त्याला बोलावले होते स्त्रियांच्या संघटनांनी, ज्यांना विद्यापीठात पाऊल ठेवायची मुभा नव्हती. १८७३ पासून केंब्रिजने हे विस्तारकार्य अधिकृत केले. पुढे १९०३ साली अल्बर्ट मॅन्सब्रिजने कामगार शिक्षण संघटना काढली. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला हा माणूस. १९०८ पासून रॉचडेलचे गिरणी कामगार आणि लाँगटनचे कुंभारकामगार इतिहासकार आर. एच. टॉनीच्या वर्गात बसू लागले. तीन वर्षांचा वर्ग, नियमित निबंध, व्याख्यानानंतर तितकाच वेळ चर्चा. काय शिकायचे यात कामगारांचा शब्द चालायचा. शिक्षक त्यांच्या गावात येत होता, ते शिक्षकाच्या दारात जात नव्हते.

खाणकामगाराची मुलगी आणि मुक्त विद्यापीठ

हे दोन्ही धागे, बाहेरची परीक्षा आणि गावातला वर्ग, एकत्र आले ते १९६९ साली. मजूर पक्षाच्या हॅरॉल्ड विल्सनने १९६३ मध्ये ग्लासगोच्या भाषणात आकाशवाणी-दूरदर्शनवरून चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली होती. ती प्रत्यक्षात आणली मंत्री जेनी ली यांनी. स्कॉटलंडमधल्या खाणकामगाराची ही मुलगी. सल्लागारांचे म्हणणे होते, कामगारांसाठी काहीतरी सोपे, छोटे अभ्यासक्रम काढू. जेनी ली अडून बसल्या. गरिबांसाठी दुय्यम माल नको. विद्यापीठ म्हणजे विद्यापीठच हवे. तीच पदवी आणि तीच पातळी.

एप्रिल १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. प्रवेशाला कोणतीही पात्रता नको. पण आत आल्यावर सूट नाही. एकेक अभ्यासक्रम प्राध्यापकांचा गट मिळून लिहायचा, बीबीसीवर पाठ लागायचे, जवळच्या केंद्रात मार्गदर्शक भेटायचा, स्वाध्याय शेरे मारून परत यायचे, उन्हाळ्यात आठवडाभराचे निवासी वर्ग भरायचे. दर्जा तपासायला इतर विद्यापीठांतले परीक्षक. प्रतिष्ठितांनी टिंगल केलीच. हुजूर पक्षाच्या इयन मॅक्लिऑडने तर ही कल्पना शुद्ध मूर्खपणा ठरवली होती. १९७० मध्ये हुजूर पक्षाचे सरकार आले तेव्हा हे विद्यापीठ बंद पडेल अशी भीती होती. शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी ते राहू दिले, कारण इथे एक पदवीधर घडवायला खर्च कमी येत होता.

हे कारण लक्षात ठेवा. कष्टकऱ्यांना न्याय म्हणून जे सुरू झाले ते राज्यकर्त्यांनी टिकवले स्वस्त म्हणून. या दोन कारणांमधली ओढाताण दूरशिक्षणाच्या पाठीशी तेव्हापासून आहे.

आणखी एक कडू सत्य. पहिल्या तुकड्यांत मोठा भरणा शाळाशिक्षकांचा होता. ज्यांच्या नावाने हे सगळे झाले ते गिरणी-खाणीतले कामगार कमीच होते. नुसते दार उघडे ठेवल्याने सगळे आत येत नाहीत. ज्याला दाराचा पत्ता आधीच माहीत असतो तो आधी येतो. तरीही उत्तर आयर्लंडच्या मेझ तुरुंगातले राजकीय कैदी याच विद्यापीठाचे विद्यार्थी झाले. दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगातून नेल्सन मंडेला यांनी लंडन विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास बाहेरूनच चालू ठेवला होता. तुरुंगाच्या भिंतीतून जे शिक्षण आत शिरते त्याला हलके कोण म्हणेल?

जाळे विणले, पण कोणासाठी?

ब्रिटनच्या मागोमाग युरोप उठला. स्पेनमध्ये १९७२ साली राष्ट्रीय दूरशिक्षण विद्यापीठ, जर्मनीत १९७४ साली हागेनचे दूरविद्यापीठ, नेदरलँड्समध्ये १९८४ साली खाणी बंद पडलेल्या भागातल्या हेर्लेनला मुक्त विद्यापीठ, पोर्तुगालमध्ये १९८८ साली लिस्बनला. १९८७ मध्ये या विद्यापीठांनी मिळून आपला युरोपीय संघ उभारला.

त्याच वर्षी, १९८७ मध्ये, इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. एका विद्यापीठातला अभ्यास दुसऱ्यात धरला जावा म्हणून श्रेयांकांची सामाईक पद्धत आली. १९९९ मध्ये २९ देशांनी बोलोन्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करून पदव्यांचा ढाचा जुळवायचे ठरवले. २०१९ मध्ये युरोपीय विद्यापीठांच्या पहिल्या १७ आघाड्या निवडल्या गेल्या. आपल्याकडच्या नव्या शैक्षणिक धोरणातली 'क्रेडिट बँक' याच वळणाची आहे.

जाळे मोठे झाले, पण त्यात कोण फिरतो? दुसऱ्या देशात राहण्याचा सगळा खर्च इरॅस्मसच्या अनुदानात भागत नाही. त्यामुळे ज्यांचे आईबाप शिकलेले आणि खाऊनपिऊन सुखी, तीच मुले जास्त गेली. नोकरी करून शिकणारा आपल्या गावातच राहिला. त्याच्यावरचा घाव तर वेगळाच. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये विद्यापीठांची फी वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत नेली गेली. मुक्त विद्यापीठाची फीही कित्येक पटींनी चढली आणि काही वर्षांतच इंग्लंडमधले अर्धवेळ विद्यार्थी जवळपास निम्म्यावर आले. त्याच विद्यापीठाने २०१२ मध्ये काढलेले 'फ्यूचरलर्न' हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ दहा वर्षांत खासगी कंपनीकडे गेले. तंत्रज्ञान वाढत गेले आणि विद्यार्थी घटत गेला. मग अडचण तंत्राची होती की पैशाची?

आपण काय घ्यायचे?

बाबासाहेब लंडनला बाहेरून शिकले नाहीत. ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आत बसले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, तेव्हा त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी घेऊन ठेवली. १९२० मध्ये ते पैसे जमवून गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. घेतली. आतली जागा त्यांनी सोडली नाही. पण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. म्हणजे आत शिरण्याचा हक्कही हवा आणि राबणाऱ्याच्या वेळेप्रमाणे शिक्षणही हवे. ही दोन्ही कामे एकाच चळवळीची आहेत.

भारतातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला निघाले आणि १९९१ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. आपले नाशिकचे यशवंतराव चव्हाण विद्यापीठ १९८९ चे. युरोपच्या या इतिहासातून त्यांना आपण चार प्रश्न विचारले पाहिजेत. पदवी तीच आहे का? कायद्याने हो, मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे नियमच सांगतात. मग भरती करणारा नाक मुरडत असेल तर नियम त्याच्यापुढे ठेवा. दुसरा प्रश्न, माझा स्वाध्याय खरेच कोणी वाचतो का, की नुसता गठ्ठा जमा होतो? तिसरा, खर्च सरकार उचलते की माझ्या खिशातून जातो? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : 'ऑनलाइन आहे ना' असे सांगून वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि शिक्षकांच्या जागा तर कापल्या जात नाहीत ना?

चौथ्याचे उत्तर 'हो' असेल तर ते दूरशिक्षण नाही. ती आपल्याला पुन्हा गावाबाहेर बसवण्याची नवी रीत आहे, आणि तिच्याशी लढावे लागेल. पण ज्याने दिवसभर राबून रात्री पेपरची तयारी केली, त्याने लाजायचे काही कारण नाही. पुढच्या वेळी कोणी विचारले तर ताठ मानेने सांग, बाहेरून करतोय. आणि अभ्यास केंद्रावर मार्गदर्शक येत नसेल तर चार जण मिळून अर्ज द्या, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

जय भीम!