सुश्रुतसंहितेतील भग्नचिकित्सा

सुश्रुतसंहितेचे नाव निघाले म्हणजे छिन्न नासिका पुन्हा घडविण्याची कथा प्रथम सांगितली जाते. त्या कीर्तीच्या छायेत चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय झाकला गेला आहे; परंतु कष्टकरी मनुष्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा तोच होय. पडून वा मार लागून हाड मोडलेला मनुष्य पुन्हा आपल्या पायांवर उभा राहील काय, हा त्या अध्यायाचा प्रश्न आहे.

निदानस्थानात संधी निखळण्याचे सहा व अस्थी मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. हाड ताणावे, दाबून जागी आणावे, टोके जुळवावीत व मग बांधावे, असा उपचाराचा क्रम आहे. आधारासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली किंवा बांबूच्या कांबी घ्याव्यात. मांडी अथवा नडगी मोडल्यास रुग्णास फळीवर निजवून पाच खुंट्यांनी अवयव जखडावा. खांदा निखळला तर काखेत मुसळ घालून तो वर उचलावा. ह्या कामी घरातले मुसळही शल्ययंत्र ठरते!

तथापि संहिताकारांचा खरा अधिकार दिसतो तो बंधाच्या विचारात. बंध सैल राहिला तर सांधा स्थिरावत नाही; फार आवळला तर सूज, वेदना व त्वचेचा पाक होतो. म्हणून तो मध्यम असावा, आणि थंडीत सात, समशीतोष्ण काळी पाच व उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा. आवळलेल्या बंधाने रक्त अडून हात कायमचा आखडतो, हे जर्मन शल्यविद् फोल्कमान यांनी १८८१ साली विशद केले. अडाणी हाताने करकचून बांधलेल्या कांबींमुळे अवयव सडून तो कापावा लागल्याची उदाहरणे आजही घडतात. हाडवैद्याच्या हातास कौशल्य असेलही. ग्रंथातील हा इशारा मात्र सर्वांच्या कानी पोहोचलेला नाही.

मीठ व आंबट वर्ज्य करण्यास आजच्या शास्त्राचा आधार सापडत नाही. परंतु अल्पाहारी व असंयमी रुग्णाचे हाड कष्टाने सांधते, हे निरीक्षण अद्याप खरे आहे. तसेच बालवयात एक महिना, मध्यम वयात दोन व उतारवयात तीन, हा हिशोबही स्थूलमानाने अनुभवास धरूनच आहे. वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून सरळ बसवावे, असे सांगण्यासही संहिताकार कचरत नाहीत.

बंध सुटला म्हणजे उपचार संपला, असे ते मानीत नाहीत. तळहात मोडलेल्या रुग्णाने प्रथम मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड.