तीव्र लेसर स्पंद आणि वक्र आरसा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये, तर साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ मध्ये स्थापन झाले. अशा महाविद्यालयांत येणाऱ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अंतर्गोल आरशाच्या नाभीय अंतराचा प्रयोग परिचित असतो. हा प्रयोग कालबाह्य मानला जातो. परंतु आजचा सर्वांत तीव्र प्रकाश त्याच तत्त्वावर उभा आहे. प्रस्तुत लेखात या परंपरेचा मागोवा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पॅराबोलाकार आरसा अक्षाला समांतर किरण एकाच बिंदूत आणतो, हे ग्रीक गणिती डायोक्लीझ याने इसवी सनापूर्वी सुमारे दोनशे वर्षे सिद्ध केले. १६६८ मध्ये न्यूटनने दुर्बिणीत भिंगाऐवजी आरसा योजला. भिंगातून भिन्न रंग भिन्न अंतरांवर एकवटतात. आरशात हा दोष नसतो.

१९६० मध्ये लेसर अवतरला. १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलंड व जेरार्ड मुरू यांनी स्पंद आधी ताणून, नंतर वर्धित करून पुन्हा आकुंचित करण्याची पद्धत शोधली. तिला २०१८ चे नोबेल पारितोषिक लाभले. अतिलघु स्पंदात अनेक तरंगलांबी सामावलेल्या असतात. जाड काचेतून जाताना तो पसरतो आणि विकृतही होतो. त्यामुळे न्यूटनचे कारण नव्या संदर्भात पुन्हा महत्त्वाचे ठरले.

शक्ती आणि तीव्रता

३ जूल ऊर्जा ३० फेमटोसेकंदांत सामावली की शक्ती १०० टेरावॅट होते. मात्र १० सेंटीमीटर व्यासाची शलाका १० मायक्रॉनच्या ठिपक्यावर आणली, तर तीव्रता आणखी दहा कोटी पटींनी वाढते. हे कार्य आरशाचे आहे. त्यासाठी पॅराबोलाचा अक्षाबाहेरील भाग वापरतात. त्यामुळे लक्ष्य शलाकेच्या मार्गात येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रयोगांत असेच आरसे वापरले गेले आहेत. दक्षिण कोरियात २०२१ मध्ये, आकार बदलू शकणाऱ्या आरशांनी तरंगाग्रातील दोष दूर करून, दर चौरस सेंटीमीटरला एकावर तेवीस शून्ये इतक्या वॅटची तीव्रता गाठल्याचे प्रसिद्ध झाले.

समारोप

लेसरचा इतिहास बहुधा वाढत्या शक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि शक्तीचे तीव्रतेत रूपांतर वक्र पृष्ठभागाच्या अचूकतेने होते. गोलीय आरशाच्या कडेचे किरण नाभीवर का येत नाहीत, हा प्रयोगमेजावरचा प्रश्न म्हणूनच आजच्या संशोधनाचाही प्रश्न आहे. साधनसामग्री मर्यादित असलेल्या ग्रामीण महाविद्यालयांनी हा प्रयोग वगळण्याऐवजी त्याच्या इतिहासासह शिकवणे अधिक उचित ठरेल.